तिऱ्हाईताकडचे देव

१

डब्याचे झाकण निघाले, तेव्हा आत देव नव्हते.

वर कापसाची जाड घडी होती, घडीखाली तांदूळ होते आणि त्या तांदळांत पाच सुपाऱ्या होत्या. अच्युतराव मुळे यांच्या भोपाळच्या बाग सेवनिया वसाहतीतील बैठकीत त्या रविवारी सकाळी जमलेली माणसे पुन्हा पुन्हा डब्यात डोकावत होती. डबा पितळी होता, एकसंध होता, आणि त्याच्या झाकणावरून गेलेली कागदाची पट्टी सर्वांच्या देखत आताच फाडलेली होती. पट्टीवर दिगंबर आणि अंबरीश या दोघा पागे बंधूंच्या सह्या होत्या. त्या आपल्याच आहेत हे दोघांनीही ती फाडण्यापूर्वी निरखून मान्य केले होते.

आत असायला हवे होते ते पाच टाक: चांदीच्या पत्र्यावर ठसविलेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्नानाने झिजून गुळगुळीत झालेल्या कुलदेवतांच्या प्रतिमा. पाग्यांच्या आजोबांनी त्या ग्वाल्हेरहून आणल्या होत्या. वडील वारल्यानंतर पाग्यांचे बाग सेवनियातील घर सोडायचे ठरले. थोरला दिगंबर मुलाकडे पुण्याला निघाला होता. धाकट्या अंबरीशचे बिऱ्हाड भोपाळातच, मिसरोदला होते. देव थोरल्याचे, ही रीत. देव भोपाळचे, त्यांना हलवू नये, हा धाकट्याचा आग्रह. या वादाचा निवाडा होईपर्यंत देव अच्युतरावांच्या कपाटात राहावेत असे ठरले होते, कारण वादातली वस्तू प्रथम वादाबाहेर काढावी, ही अच्युतरावांची जुनी पद्धत होती. निवाड्याच्या बैठकीसाठी त्या रविवारी डबा सर्वांसमोर काढला होता.

"काका, देव कुठे आहेत?" दिगंबरने विचारले.

अच्युतराव सुपाऱ्यांकडे पाहत राहिले. ते इतका वेळ पाहत राहिले की त्या मौनाचा अर्थ जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे लावू लागला.

अंबरीशने तो सर्वांत आधी लावला. "सांभाळायला दिले होते, काका. गिळायला नाही."

दोघांची आई, विमलबाई, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या. उठताना त्या एवढेच म्हणाल्या, की त्या सुपाऱ्या कोणी टाकून देऊ नका. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या केशवराव साठ्यांना त्या गोंधळात तेच एक वाक्य शहाणपणाचे वाटले. पुरावा जपावा हे त्या माउलीला तरी सुचले, असे त्यांच्या मनात आले; आणि ते समजण्यात त्यांनी आपल्या आयुष्यातली एक मोठी चूक केली.

२

अच्युतरावांना लोक अनेक नावांनी ओळखत. ग्वाल्हेरकडची जुनी मंडळी त्यांना 'पंच' म्हणत, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडून आलेली कुटुंबे 'मध्यस्थ' म्हणत, आणि त्यांची मुले 'सेटलमेंटवाले काका'. शेजारचे हिंदी गृहस्थ कौतुकाने 'बिचौलिया' म्हणत, आणि त्या शब्दाला दलालीचा वास आहे हे त्यांना कोणी सांगत नसे. यावर केशवराव वर्षानुवर्षे हुज्जत घालीत. त्यांच्या मते पंच हा समाजाच्या वतीने बसतो. लवाद निर्णय देतो आणि तो दोघांना बांधतो. मध्यस्थ निर्णय देत नाही, तो एकाचे म्हणणे दुसऱ्याला सोसवेल अशा रीतीने पोहोचवतो. अच्युतराव ऐकून घेत आणि म्हणत, की मी यांपैकी कोणी नाही, मी तिऱ्हाईत आहे. माझे त्यात काही नसते, एवढीच माझी पात्रता.

त्या रविवारनंतर वसाहतीत एक नवे नाव आले. भाजीच्या गाडीपाशी ते केशवरावांच्या कानी पडले, आणि ते येथे लिहिण्याजोगे नाही.

पाग्यांनी निरोप पाठविला होता: पुढच्या रविवारी मराठी मंडळाच्या सभागृहात अच्युतरावांनी देव हजर करावेत, नाहीतर चोरी कबूल करावी. पोलिसांत जायचे की नाही ते तेथे ठरेल. अच्युतराव विधुर होते, एकटे राहत, त्यांच्याजवळ साठविलेले असे काही नव्हते. लोक आपली भांडणे त्यांच्या दारी निःशंक आणून ठेवीत, ही एकच त्यांची मिळकत. ती जाणार होती.

केशवरावांची सारी नोकरी रेल्वेच्या नुकसानभरपाई विभागात, हबीबगंजच्या कचेरीत झाली. स्थानकाचे नाव बदलले, इमारतही ओळखू येईनाशी झाली, तरी ते त्याला हबीबगंजच म्हणत. मोहोर शाबूत आणि माल गायब, अशा पार्सलांचा छडा लावणे हेच त्यांचे काम होते. तेव्हा हे प्रकरण आपल्यासाठीच घडले आहे, अशा उमेदीने ते मित्राकडे गेले.

"मी शोधून काढतो," ते म्हणाले.

"नको शोधूस, केशव."

"का?"

अच्युतरावांनी त्यांना चहा विचारला.

३

केशवरावांनी प्रथम पट्टी पाहिली. लोकांत बोलले जात होते ते असे, की म्हाताऱ्याने वाफ देऊन ती सोडविली आणि पुन्हा चिकटविली असेल. हा तर्क करणाऱ्यांनी पट्टी पाहिलेली नव्हती. दिगंबर आयुष्यभर कारखान्याच्या कचेरीत शाईच्या पेनाने सह्या करीत आला होता आणि निवृत्तीनंतरही त्याने ती सवय सोडली नव्हती. शाईची सही वाफेपुढे टिकत नाही. ती फुटते, पसरते, कागदाच्या तंतूंत निळी मुळे सोडते. येथे अक्षराची कड कोरल्यासारखी स्वच्छ होती. पट्टीला ओल लागलेली नव्हती. डब्याला जोड नव्हता, तळ ठोकलेला नव्हता, झाकणाची कडी वाकलेली नव्हती.

यावरून निघणारा निष्कर्ष एकच होता, आणि तो अच्युतरावांना पूर्ण निर्दोष ठरविणारा होता. जे आत निघाले, तेच पट्टी लावताना आत होते. देव अच्युतरावांच्या घरी आलेच नव्हते.

त्यानंतर केशवरावांनी सुपाऱ्या पाहिल्या. डबा त्यांनी रविवारपासून हलू दिला नव्हता. चोराने वजनासाठी काहीबाही भरले, असे सर्वांनी धरले होते. परंतु वजन भरणारा माणूस सुपाऱ्या ओततो, बसवीत नाही. या बसविलेल्या होत्या. प्रत्येक सुपारी तांदळाच्या छोट्या राशीवर होती, टोक वर करून. एकीला कुंकू होते. दुसरीला हळद होती, आणि ती नुसती बोटाने लावलेली नव्हती, भंडारा उधळावा तशी वरून सोडलेली होती.

देवीला कुंकू, खंडोबाला भंडारा. आणि देव जागेवर नसला म्हणजे त्याच्या ठिकाणी सुपारी मांडतात, हे कोणत्याही पूजेला बसलेल्या माणसाला ठाऊक असते.

ज्याने देव काढून घेतले, त्याला देवांची जागा रिकामी ठेववली नव्हती. आणि तो माणूस पाग्यांच्या घरातला होता.

४

बाग सेवनियातील पाग्यांच्या घरी निम्मे सामान खोक्यांत गेले होते. दिगंबरने त्यांना बसायला सांगितले नाही. त्याची बायको सुचेता हिने एक खोके पुढे सरकवले. आपण चौकशीला आलो आहोत हे केशवरावांनी लपविले नाही. दिगंबर म्हणाला, की चौकशी अच्युतकाकांच्या घरी करा, आमच्याकडे चोर नाही. ठेव दिली त्या दिवशी सकाळी आम्ही देव पूजेत पाहिले, आम्ही ते डब्यात भरले, आम्ही डबा दिला.

केशवरावांनी विचारले, की कोणाच्या हाताने भरले.

दिगंबर थांबला. तो बाहेरून आला होता, त्याच्या पायांत चपला होत्या. देवांना त्याने हात लावला नव्हता. सुचेता म्हणाली, की तिची आंघोळ झाली होती, पण नंतर भाजी निवडली, केर काढला, म्हणून तीही दूर राहिली. सोवळ्याने भरायचे तर एकच माणूस होते. सासूबाईंनी स्वयंपाकघराचे दार लोटून देव भरले आणि डबा बंद करून पाटावर आणून ठेवला.

"मग झाकण उघडून कोणी पाहिले का?"

"देव असे उघडून बघतात का, काका?" सुचेता म्हणाली. तिला त्या प्रश्नाचा खरोखरच विटाळ वाटला होता.

मिसरोदला अंबरीश फाटकातच भेटला. तो इथेच जन्मला आणि वाढला, आणि रागावला की हिंदीत जाई. "सीधी बात आहे, काका. भैया आणि तुमचे मित्र, दोघे मिळालेले आहेत. देव ऑलरेडी पुण्याला पोहोचले असतील." त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो रस्त्यात पोहे-जलेबी खाऊन आला होता. त्याने हात धुऊन फक्त पट्टीवर सही केली. अच्युतरावांनी तर डबा घेताना दोन्ही हातांवर धुतलेले उपरणे अंथरले होते.

परतताना केशवरावांना आपल्या सबंध नोकरीतल्या पार्सलांची आठवण झाली. तेथे कारकून कामचुकारपणाने आत पाहत नसत. येथे चौघा शहाण्या माणसांनी आदरापोटी आत पाहिले नव्हते. प्रत्येकाने स्वतःला अपवित्र मानले, म्हणून सर्वांनी मिळून पाच सुपाऱ्यांवर मोहोर केली.

हात एकच होता. राहिला प्रश्न हेतूचा. त्यासाठी त्यांनी अच्युतरावांना विचारले, की दोघा भावांनी तुला एकेकटे गाठून काय सांगितले होते.

"ते माझ्याजवळ विश्वासाने ठेवलेले आहे," अच्युतराव म्हणाले. "एकाचे दुसऱ्याला सांगत नाही. तुलाही नाही."

"तुझी अब्रू जाते आहे, अच्युत."

"ते सांगितले तर उरलेलीही जाईल."

५

दिगंबर आणि सुचेता ट्रकवाल्याकडे गेलेले असताना केशवराव पुन्हा त्या घरी गेले. विमलबाई स्वयंपाकघरात रिकाम्या देव्हाऱ्यापाशी बसल्या होत्या. केशवरावांनी उंबऱ्याबाहेर बसून आपला तर्क पायरीपायरीने मांडला: शाई, तांदळाच्या राशी, कुंकू, भंडारा, लोटलेले दार. ते कचेरीत अहवाल वाचीत असत तसे बोलले.

"बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण हे सगळं तुम्हाला कळलं, केशवभाऊ. माझ्या मुलांना नाही कळलं."

मग त्या बोलू लागल्या. अच्युतराव पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी भावांना बैठकीत एकेकटे बोलावले. विमलबाई भिंतीपलीकडे चहा करीत होत्या. आधी थोरला बोलला, मग धाकटा.

"दोघांनी एकच सांगितलं. देव माझ्याकडे, आई त्याच्याकडे. अच्युतभाऊंनी एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही. भला माणूस. पण भिंत काही त्यांच्याइतकी पक्की नव्हती."

विमलबाईंनी मुलांना आधीच म्हटले होते, की देव जातील तिथे मी जाईन. मुलांनी ते ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. मुलांवर त्यांचा राग नव्हता. दिगूच्या सुनेच्या घरात आपली अडचण होते, अंबरीशकडे जागा नाही, हे त्यांनी स्वतःच केशवरावांना समजावून सांगितले, जणू बाजू मांडायला दुसरे कोणी नव्हते.

केशवरावांनी विचारले, की डबा उघडल्यावर काय होईल असे वाटले होते.

"वाटलं, सुपाऱ्या बघून समजतील. देव रुसले, वाटणी त्यांना मानवली नाही, असं म्हणतील. घरात वाढलेली मुलं आहेत. मांडलेली सुपारी ओळखणार नाहीत, हे मनात आलं नाही."

"आणि अच्युतचं काय?"

विमलबाई देव्हाऱ्याची फळी पदराने पुसू लागल्या. "त्यांच्यावर कोणी शंका घेईल असं स्वप्नातही आलं नाही. त्यांच्यावर कोणी घेत नाही म्हणून तर त्यांच्या घरी पाठवलं."

त्यांनी कमरेशी खोचलेली कापडी पिशवी सोडविली. घरातली माणसे उठण्यापूर्वी त्या टाक काढून वाटीत स्नान घालीत आणि पुन्हा पोटाशी बांधीत. पिशवी त्यांनी उंबऱ्यावर, केशवरावांच्या समोर ठेवली.

"न्या. त्यांचं नाव वाचवा. तुम्ही दोघं मोठी माणसं. माझं पुढे काय, तेही तुम्हीच सांगा."

सबंध नोकरीत केशवरावांनी ज्या क्षणासाठी धाव घेतली, तो क्षण समोर होता. हात पुढे केला असता तर प्रकरण संपले असते. देव पुण्याला गेले असते, किंवा मिसरोदला. आणि ही बाई जेथे देव नाहीत तेथे.

"माझी आंघोळ झालेली नाही, वहिनी," ते म्हणाले. ती सकाळीच झालेली होती.

६

अच्युतरावांनी सर्व हकीकत शांतपणे ऐकली.

"झाकण निघालं तेव्हाच कळलं मला," ते म्हणाले. "मांडणीवरून."

केशवराव उखडले. मग मला का फिरू दिलेस, या वयात, उन्हातून, मिसरोदपर्यंत?

"तू बुद्धिमान आहेस. वाटलं, तू काही निराळं शोधून काढशील."

मग केशवरावांनी वाद घातला, आणि तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत उत्तम युक्तिवाद होता. सत्य लपविणारा मध्यस्थ हा मध्यस्थ नव्हे, तो एका पक्षाचा वकील. तिऱ्हाईत म्हणवून घेतोस, तर तिऱ्हाईताने कोणासाठी बळी जाण्याचे कारण नाही. दोघांना समोर बसव, आईच्या देखत सांग, आणि त्यांना लाज वाटू दे. लाजेतूनही समेट होतो.

"त्यांना कळलं तर ते काय करतील, ते दोघांनीही मला आधीच सांगून ठेवलंय," अच्युतराव म्हणाले. "लाज वाटेल. चार दिवस. म्हाताऱ्या माणसाला त्या चार दिवसांनंतर त्याच घरात राहायचं असतं."

याचे उत्तर केशवरावांनी दोन दिवस शोधले.

रविवारी सभागृहात वीसएक माणसे होती. अच्युतराव उभे राहिले आणि म्हणाले, की ठेव माझ्याकडून गेली, दोष माझा आहे, शिक्षा सांगाल ती. इतकेच. कोणी चोर म्हणाले, कोणी म्हातारपणी घोळ झाला असेल म्हणाले, आणि दुसरे ऐकणे पहिल्यापेक्षा कठीण होते. दिगंबर त्वेषाने पुढे झाला तेव्हा अंबरीशने त्याचा दंड धरला. "भैया, सोड. पोलिसबिलिस काही नको. गेले ते गेले."

पाहता पाहता ते दोघे एकाच बाजूला आले होते. वडील गेल्यापासून जे एका खोलीत नीट बसले नव्हते, ते आता एका अपराध्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे होते. हरवलेल्या देवांचे नवे टाक घडवून घ्यायला शास्त्राची हरकत नाही, असे कोणीतरी म्हणाले. दोघांनी आपापले करावेत, असे ठरले. भांडायला काही उरले नाही. आईचा विषय निघाला तेव्हा दिगंबर म्हणाला, की सध्या पुण्याला नेतो. आणि नुकत्याच परत मिळालेल्या भावासमोर मागे हटणे अंबरीशला जमले नाही. तो म्हणाला, की आई माझ्याकडे राहील. विमलबाईंना कोणी विचारले नाही. त्यांनी दोन्ही हात पोटाशी धरले होते. मिसरोदच्या घरात महिन्याभराने नवे, लखलखीत देव येतील. त्या रोज सर्वांच्या देखत त्यांची पूजा करतील, आणि जुने देव त्या घराच्या फळीवर कधीही मांडू शकणार नाहीत.

दारापाशी त्या अच्युतरावांसमोर थांबल्या. ओठ हलले. अंबरीश म्हणाला, "आई, चल. त्यांच्याशी काय बोलतेस," आणि आईला हळुवारपणे गाडीकडे घेऊन गेला. त्या हळुवारपणात खोटे काही नव्हते.

सभागृह रिकामे झाले. मंडळाची चिटणीस सोनाली खुर्च्या लावीत होती. ती पुष्कळ वेळ लावीत राहिली, मग जवळ आली.

"काका, हॉलची एक किल्ली तुमच्याकडे असते ना. ती तेवढी... सगळ्यांचं असं म्हणणं पडलं."

अच्युतरावांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. कुलूप जुने आहे, ते म्हणाले, दार थोडे वर उचलून फिरवावी लागते, नाहीतर आत तुटेल.

"हो, काका," ती खाली पाहत म्हणाली.

केशवरावांनी तोंड उघडले. अच्युतरावांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि केशवरावांनी ते मिटून घेतले.